पावसाळ्यात बेळगाव ते चोर्ला आणि परत निपाणी : इंजिनातील ओलावा आणि ब्रीदर

जुलै महिन्यात बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाटापर्यंत जावे, परतताना जांबोटीस मुक्काम करून खानापूरकडे वळावे आणि शेवटी महामार्गाने निपाणी गाठावी, असा प्रवास आम्ही दोघा मित्रांनी दोन दुचाकींवरून केला. माझी गाडी हवेने थंड होणारी ३५० सीसीची बुलेट आहे. मित्राची ११० सीसीची लहान गाडी एरवी टिळकवाडी ते शहापूर एवढ्याच अंतरात फिरते. पावसात याच रस्त्याने जाणाऱ्यांना इंजिनाची काळजी कशी घ्यावी हे कळावे, म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे. धबधब्यांची माहिती इतरत्र भरपूर मिळते, ती येथे देत नाही.

पिरनवाडी आणि किणये सोडल्यानंतर झाडी दाट होत जाते आणि कुसमळीचा मलप्रभेवरील पूल ओलांडेपर्यंत अंगावरचा रेनकोट कोरडा होण्याची आशा मावळते. खानापूर तालुक्याचा हा पश्चिम भाग खऱ्या अर्थाने पावसाचा आहे. कणकुंबीच्या परिसरातील आमगावात २०१० साली १० हजार मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली होती. याच जिल्ह्याच्या पूर्वेला सौंदत्ती, रामदुर्गाकडे मात्र पावसाची वाट पाहावी लागते. त्यामुळे तिकडच्या गाडीला जी काळजी पुरते, ती इकडे पुरत नाही.

जांबोटीत मुक्कामाला थांबल्यावर मित्राने तेलाची पातळी पाहण्यासाठी डिपस्टिक काढली, तेव्हा तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूस पिवळसर पांढरा, बोटाला चिकटणारा थर दिसला. गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या जोडांमधली गळती रोखणारी पट्टी, गेले या समजुतीने तो काळजीत पडला. शेजारच्या गॅरेजमधील वयस्क मिस्त्रींनी काठीवरचे तेल अंगठ्यावर घेऊन उजेडात धरले, चोळून पाहिले आणि म्हणाले, “गॅस्केट न्हवं हे. गाडी तापतच न्हाई तुमची.” मित्राने विचारले, “मामा, मग तेल बदलू का?” त्यावर त्यांनी, “खालचं तेल काळंच हाय. उद्या लांब पळवा, मग बघा,” एवढेच सांगितले. माझ्या मते निदान अगदी अचूक होते आणि त्यामागचे कारण प्रत्येक चालकाने समजून घेण्याजोगे आहे.

तेलात पाणी दिसले की ते पावसाचेच, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यातील बरेचसे पाणी इंजिन स्वतःच तयार करते. १ लिटर पेट्रोल जळले की सुमारे १ लिटर पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. त्यातील बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. परंतु प्रत्येक स्फोटाबरोबर थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीत, उतरतो आणि वाफही सोबत नेतो. इंजिन पुरेसे तापलेले असेल तर ही वाफ ब्रीदरवाटे बाहेर पडते. ते गार असेल तर भाताच्या भांड्यावरील झाकणाच्या आत पाणी जमावे तशी ती सर्वांत थंड भागावर, म्हणजे डिपस्टिकच्या झाकणावर आणि हेड कव्हरच्या आत जमते आणि तेलात घुसळली जाऊन पांढरी होते. जळणातील आम्ल पदार्थ या पाण्यात मिसळले की बेअरिंग आणि कॅम यांना गंज चढू लागतो. खरे नुकसान तेथे आहे.

ही वाफ बाहेर जाण्याची वाट म्हणजे ब्रीदर पाइप. एकसिलिंडर इंजिनात पिस्टन खाली येताना क्रँककेसमधील हवा दाबली जाते आणि वर जाताना तेथे पोकळी निर्माण होते, म्हणून हा पाइप मोकळा असणे फार महत्त्वाचे. जुन्या बुलेटच्या ब्रीदरला रबराची चपटी चोच असते; ती हवा बाहेर सोडते, पण आत येऊ देत नाही. हे रबर कडक पडले किंवा चिरले की ओली हवा आत ओढली जाते. निघण्यापूर्वी चोच दोन बोटांत दाबून तिचा मऊपणा पाहावा. ती स्वस्तात मिळते, शंका असल्यास बदलून टाकावी. नव्या गाड्यांत ब्रीदर एअर फिल्टरच्या डब्यात सोडलेला असतो आणि त्याच्या खाली बूच लावलेली छोटी नळी असते. तिच्यात पाणी आणि तेल साचते. पावसात किंवा सतत पूर्ण वेगाने गाडी चालवल्यास, तसेच गाडी धुतल्यानंतर किंवा पडल्यानंतर ती लवकर रिकामी करावी, असे अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत छापलेले असते. तरीही सर्व्हिसिंगमध्ये सर्वांत जास्त दुर्लक्ष या बुचाकडे होते.

बर्फाळ देशांत फोर-स्ट्रोक स्नोमोबाइल (बर्फावरून धावणारी गाडी) चालवणाऱ्यांना हाच त्रास अधिक कठीण रूपात होतो. तेथे ब्रीदरच्या तोंडाशी वाफ गोठून वाट बंद होते, आत दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर फेकले जाते. आपल्याकडे बर्फाऐवजी चिखल हेच काम करतो. म्हणून कणकुंबीच्या पुढे, जेथे अवजड वाहनांच्या चाकांचा चिखल थेट इंजिनावर उडतो, तेथे थांबून पाइपाचे तोंड पुसून घ्यावे.

चोर्ला घाट उतरताना ॲक्सिलरेटर बंद, गिअरवर गाडी आणि समोरून ओला वारा, अशा स्थितीत इंजिन गार पडते. चढ लागल्यावर ते पुन्हा तापते, तेव्हा घाईने वरचा गिअर टाकू नये. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर त्याची खोली पाहिल्याशिवाय गाडी घालू नये. तापलेले इंजिन पाण्यात बुडाले की आतील हवा एकदम आकसते, आणि ब्रीदरचे तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट आत ओढले जाते. आपल्या गाडीचे हे तोंड जमिनीपासून किती उंचीवर आहे हे निघण्यापूर्वीच बघून ठेवावे. गाडी पाण्यात बंद पडली आणि फिल्टरमध्ये पाणी शिरल्याची शंका असेल तर सेल्फ मारू नये. आधी प्लग काढून सिलिंडर रिकामा करावा, नाहीतर पाणी दाबले जात नसल्याने पिस्टनचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो.

दुसऱ्या दिवशी खानापूरहून बेळगावला येऊन आम्ही राष्ट्रीय महामार्ग ४८ ने वंटमुरी घाट, संकेश्वर, तवंदी घाट या वाटेने निपाणीला गेलो. बेळगावपासून हे अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर आहे आणि गाडी एकसारख्या वेगाने चालते. निपाणीत डिपस्टिक काढली तेव्हा झाकणावरचा थर जवळपास नाहीसा झाला होता. उभ्या गाडीचे इंजिन अर्धा तास चालू ठेवून हे साधत नाही. त्याने तेल पुरेसे तापत नाही आणि उलट पाण्याची भर पडते.

थर फक्त झाकणावर असेल तर लांबचा प्रवास पुरतो. खालचे सगळे तेलच पांढुरके, फेसाळ दिसले तर मात्र गाडी न चालवता तेल आणि फिल्टर बदलावा, थोडे अंतर चालवून पुन्हा पाहावे आणि तेल परत पांढुरके दिसले तर पुन्हा बदलावे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, नसतेच, त्यामुळे तेथे गॅस्केटमधून पाणी तेलात येण्याचा प्रश्न उद्भवत नाही; रेडिएटर असलेल्या गाडीत कूलंटची पातळीही घटत असेल तर हेड गॅस्केट तपासावे. तेल वरच्या खुणेच्या पुढे भरू नये, कारण जादा तेल ब्रीदरमधून फिल्टरच्या डब्यात जाते. परतल्यावर गाडी धुताना प्रेशरचा फवारा फिल्टरच्या डब्यावर आणि ब्रीदरवर मारू नये, आणि नळीतील पाणी काढून झाल्यावर बूच आठवणीने परत बसवावे.