जुन्या बुलेटखालचा तेलाचा डाग: गळतीचे मूळ शोधण्याचा माझा अनुभव

माझ्याकडे १९८७ सालची साडेतीनशे सीसीची बुलेट आहे. बिडाचा बोअर (पिस्टन फिरतो तो सिलिंडर), उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असलेली. गेल्या पावसाळ्यानंतर साताऱ्यातील आमच्या अंगणात, शहाबादी फरशीवर, तिच्या डाव्या बाजूखाली तेलाचा डाग पडू लागला. एका गॅरेजमध्ये क्लच केसचे (क्लचभोवतीच्या डाव्या बाजूच्या आवरणाचे) रबर बदलून झाले आणि सांध्यावर सिलिकॉनचा जाड थरही देण्यात आला. तरीही डाग होता तेवढाच राहिला. तेव्हा यापुढे एकही नट सैल करण्याआधी तेल नेमके कोठून निघते हे पाहायचे, असे मी ठरवले. जुन्या गाडीच्या बाबतीत हा क्रम फार महत्त्वाचा आहे, कारण विनाकारण खोललेला प्रत्येक सांधा पुढे स्वतःच गळू लागण्याची शक्यता असते.

आजच्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांना एकच ऑइल पुरते. या बुलेटमध्ये तसे नाही. इंजिनाचे ऑइल वेगळे, क्लच केसमधले वेगळे, गिअरबॉक्समधले वेगळे आणि पुढच्या शॉकअपमधले (पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या नळ्यांतले) वेगळे. त्यांत कार्ब्युरेटरमधून ठिबकणारे पेट्रोल आणि बॅटरीतून सांडणारे अॅसिड यांचीही भर पडू शकते. त्यामुळे ‘गाडी गळते’ एवढ्याने काहीच कळत नाही. काय गळते हे आधी ठरवावे लागते. मी गाडी मेन स्टँडवर उभी केली, कारण साइड स्टँडवर ती डावीकडे कलते आणि कोठलेही तेल डावीकडेच येऊन पडते. तिच्याखाली पांढऱ्या ड्रॉइंग पेपरचे दोन ताव पसरले आणि दोन्ही चाकांची, क्लच केसची व गिअरबॉक्सची जागा त्यांवर पेन्सिलीने आखून घेतली.

सकाळी पाहिले, तर कागदाने बऱ्याच शंका निकालात काढल्या होत्या. पेट्रोल असते तर ते उडून जाऊन केवळ फिकट पिवळसर कडा उरली असती. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो आणि ते बोटावर घट्ट लागते. या थेंबाला तसा वास नव्हता. शॉकअपचे नळे कोरडे होते. थेंब काळपट होता, पातळ होता आणि त्याला जळक्या तेलाचा वास होता. क्लच केसमधले तेल नुकतेच नवे भरलेले असल्यामुळे ते इतके काळे असण्याचे कारण नव्हते. म्हणजे हे इंजिनाचेच ऑइल होते, मात्र ते क्लच केसच्या मागच्या टोकाखाली पडत होते. ही विसंगती मला सर्वांत महत्त्वाची वाटली.

पुढची पायरी धुण्याची होती, आणि माझ्या मते या संपूर्ण कामातील निम्मे यश तिच्यावरच अवलंबून असते. कॉन्टॅक्ट पॉइंटवर आणि कार्ब्युरेटरच्या तोंडावर प्लास्टिकच्या पिशव्या घट्ट बांधून, डिझेल व जुन्या ब्रशने मी इंजिनाचा प्रत्येक कोपरा घासून काढला. बोअरच्या फिनांमधील कडक झालेला चिखल काढला. क्लच केस आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या अरुंद फटीत, जेथे हात जात नाही, तेथे सायकलच्या स्पोकला चिंधी गुंडाळून साफसफाई केली. नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन गाडी दिवसभर उन्हात वाळवली. वाळल्यावर सर्व सांध्यांवर अंगाला लावायच्या पावडरीचा पातळ थर शिंपडला. पावडरीऐवजी रांगोळी वापरण्याचा सल्ला मला मिळाला होता. तो कोणीही ऐकू नये. रांगोळी ही दगडाची भुकटी असते आणि ती कार्ब्युरेटरमध्ये किंवा चेनमध्ये गेली, तर गळतीपेक्षा मोठे नुकसान करते.

मग गाडी चालवून पाहायची होती. आधी संगम माहुलीपर्यंत सपाट रस्त्याने सावकाश गेलो, थांबलो, टॉर्चच्या उजेडात सर्व बाजू तपासल्या. टॅपेट कव्हरच्या खालच्या कडेला किंचित ओल आली होती. बाकी सर्व पांढरे होते. त्यानंतर यवतेश्वरचा घाट चढलो. चढावर इंजिनावर भार येतो, ते तापते आणि तेल पातळ होते. त्यामुळे सपाटीवर न दिसणारी गळती घाटात दिसते. वर पोहोचल्यावर हेड, रॉकर आणि बोअरचा पाया कोरडे होते. क्लच केसची वरची आणि पुढची कड तर पूर्ण पांढरी होती. ज्या रबरावर एवढा संशय होता, तेथे पावडरीला तेलाचा स्पर्शही झालेला नव्हता. ओला पट्टा सुरू होत होता तो मागे, ब्रीदरच्या (इंजिनातली दाबाची हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीच्या तोंडाशी, आणि तेथून वाऱ्याने उडून क्लच केसच्या मागच्या अंगावर पसरत होता.

हे मी आमच्या भागातील एका वयस्कर मिस्त्रींना दाखवले. त्यांनी हात पुसले, वाकून पाहिले आणि म्हणाले, “तेल खालीच येणार की ओ, आणि पळत्या गाडीत मागं जाणार. सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं ओलं कुठाय, तेवढंच बघायचं.” मग त्यांनी विचारले, “गाडी उभी किती राहते?” त्या प्रश्नाने शोधाची दिशाच बदलली.

या इंजिनात तेलाची टाकी वेगळी नसून क्रँककेसच्याच (क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) ओतकामात मागच्या बाजूला असते. टायमिंग कव्हरमध्ये दोन पंप असतात: एक टाकीतले तेल क्रँककडे पाठवतो, दुसरा क्रँककेसच्या तळाशी जमलेले तेल परत टाकीत टाकतो. परतीच्या पंपाची क्षमता जास्त ठेवलेली असते, त्यामुळे चालू इंजिनात तळाशी तेल साचत नाही. परंतु पाठवणाऱ्या पंपाची चकती वापराने झिजली, की उभ्या गाडीत टाकीतले तेल तिच्या कडेने झिरपून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरते. मग किक मारल्यावर क्रँक त्या साचलेल्या तेलात फिरतो आणि परतीचा पंप ते उपसून टाकीत नेईपर्यंत बरेचसे ब्रीदरवाटे बाहेर फेकले जाते. माझ्या गाडीला नेमके हेच होत असावे, असा त्यांचा अंदाज होता.

अंदाज पडताळणे सोपे होते. फेरफटका मारून आल्याबरोबर मी डिपस्टिक पाहिली. पातळी वरच्या खुणेशी होती. त्यानंतर गाडी आठवडाभर हलवली नाही. पुन्हा पाहिले, तर डिपस्टिकच्या टोकाला जेमतेम तेल लागले. क्रँककेसच्या तळाचा ड्रेन बोल्ट काढून खाली भांडे धरले, तेव्हा चहाचे दोन-तीन कप भरतील एवढे तेल निघाले. एक धोका येथे नमूद करायलाच हवा. उभ्या गाडीची डिपस्टिक पाहून तेल कमी झाले असे समजून अनेक जण वरून नवे ऑइल ओततात. इंजिन चालू झाल्यावर खाली उतरलेले तेल टाकीत परत येते, पातळी खुणेच्या वर जाते आणि ब्रीदर आणखी जोराने तेल फेकू लागतो. या गाडीची पातळी इंजिन काही मिनिटे चालवून, बंद केल्यावर लगेच पाहावी.

तरीही मला आणखी एक खात्री हवी होती. ब्रीदरच्या नळीला लांब नळी जोडून तिचे टोक पाण्याच्या रिकाम्या पारदर्शक बाटलीत सोडले, बाटलीच्या झाकणाला हवेसाठी भोक ठेवले आणि ती फ्रेमला तारेने बांधली. त्यानंतर फरशीवरचा डाग बंद झाला आणि गाडी बरेच दिवस उभी राहून चालू झाली, की बाटलीत काळे तेल जमू लागले. रोज चालवली, तर जवळपास काहीच जमत नसे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या, तर रोजच्या वापरातही नळीतून धूर व तेल येत राहिले असते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला असता. तसे काही नव्हते. म्हणून बोअर खोलण्याचा खर्चिक विचार बाजूला ठेवता आला.

दुरुस्ती स्वस्तातून महागाकडे केली. ब्रीदरला बदकाच्या चोचीसारखा रबरी व्हॉल्व असतो. तो हवा बाहेर सोडतो, आत घेत नाही. आमचा कडक होऊन चिरला होता, तो बदलला. बाटलीतले तेल कमी झाले, पण थांबले नाही. मग मिस्त्रींनी टायमिंग कव्हर काढून पंपाची चकती बाहेर काढली. तिच्या तोंडावर बारीक वर्तुळाकार ओरखडे होते, नखाला जाणवतील असे. अगदी बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून त्यांनी ती आपल्या बैठकीवर बोटांच्या हलक्या दाबाने घासली, संपूर्ण तोंडावर एकसारखा करडा रंग येईपर्यंत. नंतर पेस्टचा कणही राहू नये म्हणून सर्व भाग पेट्रोलने पुनःपुन्हा धुतले, स्प्रिंग नवी टाकली आणि नवे पॅकिंग बसवले. सीलंट मात्र त्यांनी लावले नाही. त्याचा आत सुटलेला तुकडा तेलाची वाट बंद करू शकतो. इंजिन चालू केल्यावर हेडकडे जाणाऱ्या बारीक पाइपचा बोल्ट किंचित सैल करून तेथे तेल पोहोचल्याची खात्री केली आणि तोवर अॅक्सिलरेटर वाढवू दिला नाही.

आता आठवडाभर उभी राहूनही डिपस्टिकची पातळी थोडीच उतरते. क्लच केसवरचा सिलिकॉनचा थर खरवडून काढला आहे. त्या कव्हरचा मधला एकच नट जास्त आवळला, तर कव्हर वाकते आणि खरी गळती सुरू होते, म्हणून तो बेतानेच आवळला आहे. टॅपेट कव्हरची ओल अजून आहे. तिचे पॅकिंग आणून ठेवले असून पुढच्या वेळी टॅपेट सेट करताना ते बदलायचे आहे.