झोपडी पडली पाहिजे, पण शेवटच्या दिवशी

शहरातलं कुटुंब सगळं सोडून रानात राहायला जातं, या गोष्टीचं विडंबन थोडक्या पैशात करायचं असेल तर कॅमेऱ्यावर खर्च करू नका. मोबाईल पुरतो. पैसा आवाजावर आणि झोपडीवर लावा, हसू तिथूनच येणार आहे.

१९७०च्या दशकात अमेरिकेत असे चित्रपट खूप चालले. दूरवर डोंगर, गोड गाणं, हातात हात घालून चाललेलं कुटुंब, मग अस्वलाचा हल्ला. हा साचा तंतोतंत ठेवायचा, फक्त कुटुंब सिडकोतलं आणि डोंगर मराठवाड्यातला. वडील मिक्सर काखेत धरून झाडाच्या बुंध्याला प्लग शोधतात, तेव्हा तो नट जरा जरी हसला तरी प्रसंग गेला.

गौताळा-औट्रमघाट १९८६पासून अभयारण्य आहे. तिथं चित्रीकरण म्हटलं की १९७२च्या वन्यजीव कायद्याखालची परवानगी आली, आणि तेवढे दिवस थांबणं छोट्या गटाला परवडत नाही. कन्नड, धारूर किंवा किनवटकडे जंगलाला लागून असलेलं कुणाचं तरी पडीक रान बघा, मालकाची लेखी संमती घ्या. महिना जानेवारी. माळ पिवळा पडलेला असतो, पण हिरवं स्वप्न घेऊन आलेल्या कुटुंबाला तोच माळ शोभतो. सहा दिवस सलग काढा. एक रविवार आता, दुसरा महिन्याने, असं केलं की एकाच संवादात डोंगराचा रंग बदलतो.

जानेवारीचं दुसरं कारण तुराट्या. तूर नुकतीच निघालेली असते, त्यामुळे कुडाला, म्हणजे झोपडीच्या भिंतींना, लागतील तेवढ्या मिळतात. झोपडी १० बाय १२ फूट. चार कोपऱ्यांना ९ फुटी मेढी, त्यातल्या २ फूट जमिनीत. काळ्या रानात मेढ नुसती पुरली तर माती वाळून भेगाळते आणि मेढ डुलते, म्हणून खड्ड्यात मुरूम आणि दगड ठासा. एक कूड सुतळीने नुसता अडकवून ठेवा. तो काढला की आतल्या प्रसंगांना कॅमेरा मागे नेता येतो.

झोपडी शेवटी पाडायची आहे, म्हणून छपरावर पत्रा नको, दगड तर नकोच. उसाच्या पाचटाचा पातळ थर पुरे. आड्याचं, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या आडव्या लाकडाचं, एक टोक मेढीच्या बेचक्यात, दुसरं सुटगाठीने बांधलेलं. गाठीला नायलॉनची दोरी वापरा. सुतळी दवाने भिजली की गाठ आवळते आणि ऐन वेळी सुटत नाही. दोरीचं टोक २५ फूट लांब, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर; ते ओढलं की गाठ सुटते. आत कुणीही नको. कुटुंब दारापासून ८ फूट पुढे फोटोला उभं, मागे झोपडी बसते. पुन्हा उभी करायला अर्धा दिवस जातो, म्हणून हा प्रसंग शेवटच्या दिवशी आणि दोन मोबाईलवर घ्या.

माळावरचं वारं संवाद खाऊन टाकतं. कॉलर माईकला केसाळ टोपी घाला, शर्टाच्या आतून लावा. सागाखाली संवाद असेल तर वाळलेली पानं झाडून काढा, नाहीतर पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखं ऐकू येतं. प्रत्येक जागेचा नुसता आवाज मिनिटभर टिपून ठेवा: होले, किडे, वारं. कुकरची शिट्टी होते आणि सगळं रान एकदम गप्प होतं, ही गंमत त्याशिवाय जमत नाही. आधी रान ऐकू आलं असेल तरच ते थांबलेलं कळतं.

अस्वलाचा पोशाख भाड्याने मिळतो. पूर्ण दाखवू नका. पाठ, एक पंजा, बस. आत दहा मिनिटांवर नट टिकत नाही, भर दुपारी तर अजिबात घालायला लावू नका.

रात्री एलईडी दिवे असतील तर मोबाईल २५ फ्रेम आणि १/५० शटरवर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, दुसऱ्या आकड्यांवर चित्र लुकलुकू शकतं.

आणि झोपडी पडल्यावर लगेच "कट" म्हणू नका. धुरळा बसेपर्यंत कॅमेरा हलवू नका. वडिलांनी मागे न बघता फोटोसाठी हसत राहायचं, आईने फक्त पदर सावरायचा.