तीन ओळींचा रकाना

‘या प्रशिक्षणाचा विभागाला होणारा फायदा.’ त्याखाली तीन ओळींची मोकळी जागा. या एका रकान्यापायी माझा प्रशिक्षणाचा अर्ज चार महिने लटकला. परीक्षा पास होऊन वर्ष उलटलं, तरी तो फॉर्म आठवला की अजून डोकं फिरतं. निदान दुसऱ्या कोणाचे एवढे महिने जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

सुरुवात झाली अप्रेझलपासून. जुन्या फाइल्स आवरताना मागच्या तीन वर्षांचे फॉर्म शेजारी शेजारी उघडले. ‘विकासाची गरज’ याखाली तिन्ही वर्षी एकच वाक्य होतं, ‘संवादकौशल्य सुधारणे’. ‘सुधारणे’ टाइप करताना झालेली चूकसुद्धा तिन्हीकडे तीच. सरांनी आदल्या वर्षीचं उचलून चिकटवलं होतं आणि खाली मी न वाचता सही केली होती. सरांचा राग आलाच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते माझ्या सहीचं. मी पुढे काय शिकायचं हे कोणीतरी ठरवेल, म्हणून तीन वर्षं वाट बघत बसले होते.

वेळापत्रक लावणं, अडचणींचा पाठपुरावा, क्लायंटशी बोलणं, हे सगळं मीच करत होते, फक्त पदाच्या नावात प्रोजेक्ट मॅनेजर नव्हतं. म्हणून पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) हे प्रोजेक्ट मॅनेजरसाठीचं सर्टिफिकेट करायचं ठरवलं. मी अर्ज केला तेव्हा अट अशी होती: चार वर्षांची पदवी असेल तर प्रोजेक्ट चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव, नसेल तर ६० महिन्यांचा, शिवाय ३५ तासांचं प्रशिक्षण. अनुभव होता. ३५ तासांचा वर्ग कंपनीच्या ट्रेनिंग बजेटमधून करावा म्हणून फॉर्म भरला. सरांनी त्याच दिवशी सही केली. मला वाटलं, झालं काम.

तीन आठवड्यांनी फॉर्म परत आला. शेरा दोनच शब्दांचा: ‘फायदा अस्पष्ट’. मी त्या रकान्यात ‘प्रोजेक्ट व्यवस्थापनाचं ज्ञान वाढेल’ असं लिहिलं होतं. मग तेच लांबवून लिहिलं. कार्यक्षमता, गुणवत्ता, टीमवर्क असे सगळे भारी शब्द घातले. महिन्याभराने तोच शेरा, तेच दोन शब्द. काय लिहिलं म्हणजे स्पष्ट होईल हे कोणी सांगेना. सरांना विचारलं तर म्हणाले, एचआरला विचार. एचआरला विचारलं तर म्हणे, तुमच्या सरांना विचारा.

तिसऱ्यांदा पाठवला आणि मग नुसती शांतता. दर सोमवारी मी फोन करायचे. पलीकडून ठरलेलं उत्तर, “मॅडम, प्रोसेसमध्ये आहे.” एक आठवडा गेला, दोन गेले, पाच गेले. मधल्या काळात ज्या बॅचमध्ये जागा धरून ठेवली होती ती सुरू झाली आणि निम्मी संपलीही. त्या संध्याकाळी मला खरंच रडू यायचं बाकी होतं. सातव्या आठवड्यात मी प्रश्न बदलला. ‘काय झालं’ असं न विचारता विचारलं, “आत्ता या क्षणी फॉर्म कोणाच्या मेलबॉक्समध्ये आहे? मला फक्त नाव सांगा.” दहा मिनिटांनी नाव कळलं. त्या गृहस्थांची दीड महिन्यापूर्वीच दुसऱ्या विभागात बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या मॅडमना असा काही फॉर्म आहे याचा पत्ताच नव्हता.

सात आठवडे! आणि यात कोणी मुद्दाम अडवलं होतं असंही नाही. फॉर्म पुढे जातोय की नाही हे बघणं कोणाचंच काम नव्हतं, एवढंच. हे कळलं तेव्हा मनाशी पक्कं केलं की यापुढे ते काम माझं. प्रत्येक अर्जाची लेखी पोच घ्यायची आणि सध्या तो कोणाकडे आहे त्याचं नाव विचारायचं. पुढची आठवण कधी करणार ती तारीख आपल्याच मेलमध्ये लिहून टाकायची. ‘लवकर बघा’ अशा विनंतीने काही हलत नाही. ‘१० तारखेला पुन्हा विचारते’ याने हलतं.

फॉर्म सापडला तरी रकाना होताच. एका शनिवारी बसले आणि मागच्या वर्षीच्या दोन प्रोजेक्टच्या मेल्स वाचून काढल्या. क्लायंटने फोनवर ‘एवढं जरा बदला’ म्हणायचं, आम्ही हो म्हणायचं, कुठे नोंद नाही, आणि महिन्याभराने वाद. असं झाल्यामुळे पुन्हा करावं लागलेलं काम दिवसांत मोजलं. २३ दिवस भरले. मग त्या तीन ओळींत लिहिलं: ‘मागील वर्षी तोंडी स्वीकारलेल्या बदलांमुळे दोन प्रोजेक्टमध्ये २३ दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं. बदलांची नोंद आणि मंजुरीची पद्धत शिकून चालू प्रोजेक्टला लावीन. तीन महिन्यांनी हाच आकडा पुन्हा मोजून देईन.’ नव्या मॅडमकडे प्रिंट घेऊन स्वतः गेले. दोन दिवसांत मंजुरी आली. ती मेल मी चार वेळा वाचली.

मंजुरीसोबत एक बाँड येतो, तो वाचल्याशिवाय सही करू नका. अमुक महिन्यांत नोकरी सोडली तर फी परत करायची, असं त्यात असतं. माझ्या बाँडमध्ये मुदत वर्गाच्या तारखेपासून मोजायची की परीक्षेच्या, हेच लिहिलेलं नव्हतं. विचारून लिहून घेतलं.

त्या चार महिन्यांत मी नुसती बसून नव्हते, ही एक बरी गोष्ट. ७०-२०-१० हे सूत्र बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’मधल्या अभ्यासातून ते पुढे आलं: शिकण्यातलं ७० टक्के प्रत्यक्ष कामातून, २० टक्के इतरांकडून, १० टक्के वर्गातून. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी स्वतःबद्दल जे सांगितलं त्यावर ते आकडे बेतलेले, त्यामुळे ते काटेकोर मोजमाप नव्हे. पण मला त्याने धीर दिला. वर्ग अडला म्हणून बाकीचं अडत नाही. आमच्याकडच्या एका सीनियर मॅनेजरना विचारलं, “तुमच्या जोखमीच्या आढावा बैठकीत मागे बसू का? मिनिट्स, म्हणजे बैठकीच्या नोंदी, मी लिहीन.” ते लगेच हो म्हणाले. काय बिघडू शकतं, कितपत शक्यता, बिघडलं तर कोण बघणार, हे दर आठवड्याला कागदावर उतरताना पाहिलं आणि पुढे वर्गात तो भाग मला नवा वाटलाच नाही. मिनिट्स लिहायची तयारी दाखवा, बैठकीला बसू देतात.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: अनुभवाची नोंद आजपासून ठेवा. प्रोजेक्टचं नाव, सुरुवात-शेवट, तुमचं नेमकं काम आणि तेव्हाचे वरिष्ठ कोण. पीएमपीचे काही अर्ज ऑडिटसाठी निवडले जातात आणि मग जुन्या वरिष्ठांकडून अनुभवाची खातरजमा करून घ्यावी लागते. माझा निवडला गेला. नोकरी सोडून गेलेल्या एका जुन्या सरांना शोधण्यात आठवडा गेला, पण तारखा माझ्याकडे तयार होत्या, त्यामुळे त्यांनी लगेच सही दिली.

माझ्या वेळी परीक्षा १८० प्रश्नांची, २३० मिनिटांची होती. पहिल्याच प्रयत्नात पास झाले, याचा अभिमान आहे. कबूल केल्याप्रमाणे तीन महिन्यांनी आकडाही दिला: पुन्हा करावं लागलेलं काम, ६ दिवस.

सर्टिफिकेट टिकवायला दर तीन वर्षांत ६० पीडीयू, म्हणजे पुढच्या व्यावसायिक विकासाचे गुण, लागतात, साधारण तासाला एक. त्यातले निदान ३५ शिकण्याचे हवेत. माझे २२ झालेत. पुढच्या वर्गाचा फॉर्म काल दिला. तो रकाना भरायला अर्धा तास लागला. पोच मिळाली आहे, सध्या कोणाकडे आहे ते माहीत आहे, आणि १० तारखेची आठवण फोनमध्ये लावून ठेवली आहे.