आमेदला जागा घ्यावी का?

बालीतल्या आमेदला जागा घ्यावी का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. 'तुम्ही'मध्ये दादरची मावसबहीण आली, शाळेच्या ग्रुपवरचे अर्धे लोक आले आणि पुण्याचे ते काकाही आले. गेल्या मोसमात इथून जवळच्या तुलाम्बेनच्या बुडालेल्या जहाजावर डाइव्ह करून वर आल्या आल्या, अंगावरचा सूट उतरवायच्या आत, "इथे प्लॉटचा रेट काय चाललाय हो?" असं त्यांनी विचारलं होतं. आईचा प्रश्न तर दर रविवारी फोनवर असतोच: "गो, थंय जागा-बिगा घेतलंस की नाय?"

मी मूळची देवबागची. तारकर्लीला स्कूबा शिकले, पुढचं शिकायला म्हणून बालीच्या पूर्व टोकाला आमेदला आले, आणि पाहुण्यांना पाण्याखाली न्यायचं काम करत इथेच राहिले. जमिनीतली मी जाणकार नाही. पण मुंबईच्या गाडीतून उतरून "ही वाडी कोणाची? देणार का?" असं विचारणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत, आणि आता इथे त्या गाडीतली मी आहे. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं.

आमेद हे खरं तर एक गाव नाही. खुद्द आमेद छोटंसं, पण त्यापुढे जेमेलुक, बुनुतान, लिपाह अशा वाड्या किनाऱ्याच्या वळणावळणाने लागत जातात आणि बाहेरचे लोक सगळ्यांना मिळून आमेदच म्हणतात. विमानतळावरून गाडीने अडीच-तीन तास. पाठीशी आगुंग, तीन हजार मीटरहून उंच, जागृत ज्वालामुखी. पावसाचे ढग त्याच्या पलीकडच्या अंगाला रिकामे होतात, म्हणून फोटोतली हिरवी भातखाचरं इथे शोधू नका. ऑगस्टमध्ये इथले डोंगर मे महिन्यातल्या देवगडच्या सड्यासारखे दिसतात. किनारा काळ्या गोट्यांचा आणि काळ्या वाळूचा. पांढऱ्या वाळूची स्वप्नं घेऊन आलेले पाहुणे पहिल्या दिवशी रुसतात, पण पाण्यात डोकं घातल्यावर रुसवा जातो. किनाऱ्यापासून वीस हातांवर प्रवाळ आहे.

राहायचं म्हटलं की पहिला प्रश्न पाण्याचा. पाणी, म्हणजे प्यायचं-वापरायचं. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरी मचूळ, आणि सुक्या महिन्यांत नळाची धार बारीक होते. मग टँकर. चढावरच्या 'सी व्ह्यू' बंगल्यांना तर वर्षभर टँकरच, कारण समुद्र दिसतो तिथे विहीर लागत नाही. जागा बघायला येणारा माणूस सूर्योदय कुठून दिसतो ते विचारतो. टाकी किती लिटरची आहे ते विचारत नाही. प्यायला एकोणीस लिटरचा जार, त्याला इथे 'गालोन' म्हणतात. स्कूटरवर पायांच्या मध्ये गालोन ठेवून चढ चढता आला की समजायचं, आपण इथले झालो.

विजेचा मीटर प्रीपेड. दुकानातून वीस आकडी नंबर आणायचा आणि मीटरवर दाबायचा. शिल्लक संपत आली की मीटर टीं टीं करून कोकलायला लागतो, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. माझा एकदा रात्री दोनला कोकलला. सकाळी शेजारच्या इबूंनी, म्हणजे काकूंनी, विचारलं, "पगार झाला नाही का अजून?"

ज्या उन्हाने विहिरी आटतात त्याच उन्हावर इथलं मीठ पिकतं. आमच्या शिरोड्याला खाचरांत पिकतं, तसं नाही. इथे समुद्राचं पाणी खांद्यावरून आणून मातीवर शिंपडतात, ती खारावलेली माती बांबूच्या शंकूसारख्या गाळणीत भरून वरून पुन्हा पाणी ओततात आणि खाली झिरपलेलं दाट पाणी नारळाच्या उभ्या चिरलेल्या, कोरलेल्या खोडांत वाळवतात. आमेदच्या मिठाला आपल्या हापूससारखं भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण हे मीठ पिकवणारी घरं कमी होत गेली. मिठाची जमीन सपाट आणि पाण्याला लागून. हॉटेलवाल्यालाही तसलीच हवी असते. पुढचं सांगायला नको.

बाकी रोजचं जगणं सोपं आहे. पहाटे जुकुंग निघतात, दोन्ही बाजूंना बांबूचे हात असलेल्या निमुळत्या होड्या, रंगीत तिकोनी शिडांच्या. आठ वाजेपर्यंत तोंगकोल किनाऱ्यावर येतो, म्हणजे आपला कुपाच. वारुंगमध्ये, म्हणजे खाणावळीत, भात, मासा, भाजी, वर सांबल म्हणजे झणझणीत मिरचीची चटणी, आणि पोट भरेपर्यंत खिसा हलका होत नाही. इंटरनेट चांगलं आहे. वाईट आहे ते दवाखान्याचं. जिल्ह्याचं ठिकाण आमलापुरा. साधं दुखणं तिथे भागतं, मोठं असेल तर बालीची राजधानी देनपासार गाठावं लागतं. बालीत २००८पासून रेबीज आहे आणि गावात कुत्री मोकाट. मला एक चावलं तेव्हा लशीसाठी दोन ठिकाणी हिंडावं लागलं. साठी उलटलेल्यांनी 'निवृत्तीनंतर तिथेच' असा बेत करण्याआधी या दवाखान्याच्या गोष्टीवर थांबावं.

आणि गाव म्हणजे गाव आहे. देऊळ, बांजार म्हणजे वाडीची पंचायत, त्यांची वर्गणी, मिरवणुकीला बंद होणारा रस्ता, हे सगळं तुमच्याआधीपासून इथे आहे. न्येपीला, शकाच्या नव्या वर्षाच्या दिवशी, चोवीस तास दिवा नाही, घराबाहेर पाऊल नाही, विमानतळसुद्धा बंद. खिडकीतून उजेड दिसला तर पेचालांग, म्हणजे गावचे पहारेकरी, येऊन दार वाजवतात. २०२६चा न्येपी आणि आपला पाडवा एकाच दिवशी, १९ मार्चला. शकही एकच, १९४८. तिकडे गुढ्या, इकडे कडकडीत सामसूम. मला ही सामसूम आवडते. शेजारचा एक जर्मन दरवर्षी आदल्या दिवशी होडीने लोम्बोककडच्या गिली बेटांवर पळतो.

आता जागेचं. इथे जमीन 'आरे'त मोजतात. शंभर चौरस मीटरचा एक आरे, म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरचा आरच. पहिल्यांदा भाव ऐकला तेव्हा मला वाटलं, वा, परवडेल की! मग वाक्याचं शेपूट ऐकू आलं: "आरेला, वर्षाला." परदेशी माणसाला जमीन मिळत नाही, वर्षं मिळतात. पंचवीस, तीस, जेवढी ठरतील तेवढी, आणि सगळ्या वर्षांचे पैसे बहुधा पहिल्याच दिवशी मोजायचे.

कारण १९६०चा जमीन कायदा. पूर्ण मालकीला ते 'हाक मिलिक' म्हणतात. आपला हक्क आणि आपली मालकी, दोन्ही शब्द त्याच अरबी घरातले. हा हक्क फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाचा. राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी माणसाला वापराचा हक्क मिळू शकतो, २०२१च्या नियमांनुसार तीस, मग वीस, मग पुन्हा तीस वर्षं, पण त्याला घराच्या किमान किमतीची अट आहे. कंपनी काढून तिच्यामार्फत घ्यायची तर गुंतवणूक दहा अब्ज इंडोनेशियन रुपियांच्या वर दाखवावी लागते, तीही जमीन-इमारत सोडून. म्हणजे आपले पाच कोटींहून जास्त. दादरचा फ्लॅट विकून इथे दोन खोल्या बांधायच्या, त्याला हा खटाटोप कशाला?

मग कोणीतरी कानाशी येऊन म्हणतं, "एखाद्या विश्वासू माणसाच्या नावावर घ्या की, सगळे तसंच करतात." करू नका. कायद्याचं २६वं कलम सरळ आहे: असा व्यवहार मुळातूनच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने त्यांच्या ड्रायव्हरच्या नावावर घेतली होती. ड्रायव्हर भला माणूस होता. तो अपघातात गेला, आणि त्याच्या भावांना त्या तोंडी शब्दाशी काही देणंघेणं नव्हतं. मी त्या भावांना दोष देत नाही.

राहता राहिलं भाडेपट्ट्याचं. त्यात फसवणूकच होते असं नाही, पण कोकणातल्या माणसाला सगळं ओळखीचं वाटेल. जमीन वडिलोपार्जित, भाऊ चार, त्यातला एक दूर जावा बेटावर सुराबायाला. आपल्या सामायिक सातबाऱ्यावरच्या सतरा नावांची आठवण यावी. कुठे पक्कं सर्टिफिकेटच नाही, नुसती 'पिपिल', म्हणजे जुनी कराची पावती. कुठे जमीन घराण्याची नाहीच, देसा आदातची, परंपरेने चालणाऱ्या गावसंस्थेची, तिथे विक्रीचा विषयच येत नाही. मुदत संपल्यावर वाढवून मिळेल असं करारात लिहितात, पण दर 'त्या वेळच्या बाजारभावाने'. पाण्यालगतचं असेल तर भरतीरेषेपासूनची हद्द बघा. २०२५च्या जुलैत दक्षिणेकडच्या बिंगीन किनाऱ्यावरची ४८ बांधकामं सरकारी जमिनीवरची म्हणून पाडायला घेतली. ती काही काल उभी राहिलेली नव्हती.

"पण भाव वाढतोय ना?" काकांनी विचारलंच. वाढतोय. दक्षिण बाली भरली, तशी माणसं इकडे सरकायला लागली. पण वाढणारा भाव मालकाचा. तुमच्या हातात पंचवीस वर्षांचा करार असेल, तर दर पाडव्याला त्यातलं एक वर्ष गळतं. दहा वर्षांनी विकायला काढाल तेव्हा पंधराच विकाल. बर्फाच्या लादीसारखा धंदा आहे. तोवर गिऱ्हाइकाला सरबत पाजत राहिलात तर पैसे सुटतात, ठेवून दिलीत तर ओलं गोणपाट हाती.

आणि सरबत दरवर्षी खपेलच असं नाही. १९६३ला आगुंग फुटला तेव्हा हजाराहून जास्त माणसं मेली. आमलापुराचं जुनं नाव कारांगासेम, ते त्यानंतर बदललं. २०१७ला तो पुन्हा धुमसला. आमेद धोक्याच्या वर्तुळाबाहेर होतं, तरी खोल्या ओस पडल्या, असं माझे घरमालक सांगतात. त्यानंतर कोविड. बालीत २०१९ला ६२ लाखांवर परदेशी पाहुणे आले होते. २०२१ला थेट उतरलेले शंभरसुद्धा नाहीत. त्या दोन वर्षांत घरमालकांनी होडी दुरुस्त केली आणि पुन्हा मासेमारीला लागले. त्यांच्याकडे होडी होती. कर्ज काढून व्हिला बांधलेल्या परदेशी माणसाकडे काय होतं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच: यायचं तर वर्षभराच्या भाड्यावर या. एक सुका मोसम काढा, एक पावसाळा काढा. पावसाळ्यात कोरडे ओढे रस्त्यावरून धावतात आणि लाटांबरोबर प्लास्टिकची रांग किनाऱ्याला लागते, तेही बघा. मी वर्षाच्या भाड्यावरच राहते. घरमालकांनी मागे एकदा चढावरची तीन आरे दाखवली होती, पंचवीस वर्षांसाठी. समोर शेजारच्या लोम्बोक बेटाचा डोंगर, खाली शिडं. मोह झाला नाही असं नाही. "पाणी?" मी विचारलं. त्यांनी खालच्या रस्त्याकडे बोट केलं. टँकर चढत होता.

त्या रात्री त्यांच्याकडे जेवायला होते. त्यांना मी 'पाक' म्हणते, आपल्याकडचं काका. मासे खाता खाता त्यांनी विचारलं, तुमच्या गावी समुद्र आहे, नारळ आहेत, मग मला तिथे छोटी जागा घेता येईल का? मी सांगितलं, नाही पाक, भारताबाहेर राहणाऱ्या परदेशी माणसाला आमच्याकडे विकत मिळत नाही. फार तर पाच वर्षं भाड्याने.

"पाच?" ते म्हणाले. "आणि मी तुला पंचवीस देत होतो!" मग बायकोला हाक मारून त्यांनी तिला ते पुन्हा सांगितलं, आणि दोघं बराच वेळ हसत होते.