खालच्या जबड्यातील दोन खुंट्या

औसा, वेळा अमावस्येची रात्र

आज शेतातील कोपीसमोर पांडवांची पूजा आटोपून पंगत बसली, तेव्हा नऊ वर्षांनी प्रथमच मी बाजरीची भाकरी आंबिलात न भिजवता, तुकडा मोडून, भज्जीसोबत चावून खाल्ली. उठताना मूठभर ओला हरभराही खाल्ला. घरच्यांपैकी कोणी काही बोलले नाही, परंतु सौ. माझ्याकडे दोनदा पाहून गेली.

तंबाखूने माझ्या हिरड्या खाल्ल्या, हे मी आता स्वच्छ लिहून ठेवतो. दात किडले नव्हते. हिरड्यांचा आधार सुटून ते एकेक करून हलू लागले आणि पंचावन्नाव्या वर्षापर्यंत सगळे काढावे लागले. त्यानंतर कवळी आली. वरची कवळी टाळूला चिकटून चांगली राहते, कारण तिला टाळूचा मोठा पृष्ठभाग मिळतो. खालच्या कवळीला मात्र हिरडीच्या अरुंद कडेवरच बसावे लागते आणि मधे जीभ सतत हलत असल्यामुळे ती प्रत्येक शब्दागणिक उचलली जाते. ज्याने तीस वर्षे वर्गात मोठ्याने धडे वाचले, त्याला सप्ताहात पोथी वाचताना ओठ आवळून धरावे लागावेत, याचे दुःख मी कोणाजवळ बोललो नाही. पुढे वाचनाला बसणेच सोडले.

दात काढले त्या वेळी मला एक गोष्ट कोणी सांगितली नाही आणि ती कळली असती तर मी इतकी वर्षे घालवली नसती, असे आज फार वाटते. दाताचे मूळ चावण्याचा भार हाडापर्यंत पोहोचवते, म्हणून हाड टिकते. मूळ गेले की ते हाड वर्षानुवर्षे झिजत जाते, आणि वरच्या जबड्यापेक्षा खालचा जबडा कितीतरी वेगाने झिजतो. कवळी ही झीज थांबवत नाही. लातूरच्या डॉक्टरांनी त्रिमितीय स्कॅन पडद्यावर दाखवला, तेव्हा मागच्या बाजूचे माझे हाड ओठांना संवेदना देणाऱ्या नसेच्या अगदी जवळपर्यंत खाली आलेले दिसले. तिथे काही बसवणे धोक्याचे होते. पुढे, सुळ्यांच्या जागी, हाड अजून भक्कम होते, आणि टायटॅनियमचे दोन इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळासारखे हाडात रोवायचे स्क्रू, तिथेच बसवायचे ठरले. दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी साध्या कवळीऐवजी दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी हाच पहिला पर्याय मानावा, असे मत कॅनडातील मॉन्ट्रियल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ मध्येच मांडले होते, हेही त्यांनी सांगितले. कायमचे पक्के दात हवे असतील तर चार किंवा त्याहून अधिक इम्प्लांट लागतात; तो खर्च मला झेपणारा नव्हता.

तरीही त्यांनी लगेच हात लावला नाही. मे महिन्यात माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ८.९ टक्के होती. वाढलेल्या साखरेने जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो. म्हणून आधी दोन्ही आवरा, मग या, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तंबाखूची डबी मी त्याच दिवशी बंद केली. सप्टेंबरमध्ये साखर ७ वर आली आणि जागा बधिर करून दोन्ही इम्प्लांट बसवले गेले. पूर्वी दाढ काढताना झालेला त्रास याहून अधिक होता.

खरी कसोटी त्यानंतरच्या तीन महिन्यांची होती. बाहेरून पाहता काहीच घडत नाही. जुनी कवळी आतून पोकळ करून, मऊ अस्तर लावून दिलेली असते आणि पेज, मऊ भात, वरण यांवर दिवस काढायचे असतात. आत मात्र हाडाच्या पेशी टायटॅनियमच्या पृष्ठभागाला घट्ट धरून वाढत असतात. हा गुण प्रथम लक्षात आला तो स्वीडनमधील संशोधक ब्रोनेमार्क यांच्या. १९५२ च्या सुमारास हाडातील रक्ताभिसरण अभ्यासण्यासाठी त्यांनी सशाच्या हाडात टायटॅनियमची लहान उपकरणे बसवली होती आणि काम संपल्यावर ती काढू गेले तर निघेनात. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले, आणि २००६ मध्ये लार्सन वारले तोवर ते त्यांच्या तोंडात काम करत होते. त्या तीन महिन्यांत मन खचू लागले की मी हे चाळीस वर्षांचे उदाहरण आठवत असे.

गेल्या आठवड्यात इम्प्लांटवर बटणासारख्या दोन खुंट्या चढवल्या आणि नवी कवळी दाबताच टक् असा आवाज होऊन ती जागेवर बसली. मागच्या बाजूला ती अजून हिरडीवरच टेकते, त्यामुळे ऊस सोलण्याची उमेद धरू नये, हे मी जाणून आहे. कवळीतील नायलॉनच्या कड्या झिजल्या की बदलाव्या लागतील. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी सुजली तर हाड पुन्हा झिजते. म्हणून रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची आणि दोन्ही खुंट्या मऊ ब्रशने चहूबाजूंनी घासायच्या.

आता तेच करत होतो. वीज गेली होती, म्हणून सौ. बॅटरी धरून आरशाजवळ उभी होती. काम होईपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, “अहो, माझी खालची दाढ दिवाळीपासून हलतेय.” मिसरी लावणे तिने अजून सोडलेले नाही. पंधरा दिवसांनी मला तपासणीसाठी लातूरला बोलावले आहे. तिचीही चिठ्ठी त्याच दिवशी काढायची आहे.