दर रविवारची आंघोळ

शेवंती घरात आली तेव्हा साधारण चार महिन्यांची होती. फिकट पिवळसर अंग, मध्यम लांबीचे केस, शेपटी चवरीसारखी. जात विचाराल तर सांगता येणार नाही, दोन-तीन जातींचं मिश्रण असावं. त्याआधी मी कधी कुत्रा पाळला नव्हता, म्हणून माणसाच्या स्वच्छतेचा हिशोब मी तिलाही लावला. दर रविवारी डोक्यापासून शेपटीपर्यंत आंघोळ, आणि शाम्पू माझाच, सुवासिक, भरपूर फेसाचा. आंघोळीनंतर तिच्या अंगाला येणारा वास मला फार आवडायचा. आपण तिचं सगळं नीट करतोय, असं मी मनापासून समजत होते.

तीन-चार महिने काही जाणवलं नाही. मग तिच्या पाठीवर कोंडा दिसायला लागला. गडद चादरीवर झोपून उठली की मागे पांढरे कण. हाताला मऊ लागणारे केस राठ झाले. बगलेत, मानेखाली ती सारखी खाजवायची. धूळ बसत असेल असं म्हणून मी रविवारच्या जोडीला बुधवारही धरला.

त्यानंतर वास सुरू झाला. आंघोळीनंतर दोन दिवस बरं असायचं, तिसऱ्या दिवशी अंगाला कुबट, ओशट वास यायचा, ओले कपडे कपाटात कोंडून ठेवल्यासारखा. आई एकदा म्हणालीसुद्धा, "अगं, एवढी न्हाऊ घालतेस, मग हिला वास येतोच कसा?" त्या प्रश्नावर मी तेव्हा थांबायला हवं होतं. वास म्हणजे मळ, आणि मळ म्हणजे आंघोळ कमी पडतेय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी आणखी जोरात चोळायला लागले.

तिच्या पंज्यांच्या बोटांमधले केस तांबूस तपकिरी झाले होते. तो रंग मला मातीचा वाटला. घासून घासून जाईना. एका रात्री ती अंधारात पंजे चाटत बसल्याचा आवाज ऐकला, चप्-चप्, कितीतरी वेळ. दिवा लावून पाहिलं तर बोटांच्या बेचक्या लाल झालेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिला पशुवैद्यांकडे नेलं.

डॉक्टरांनी तिला हात लावण्याआधी मला प्रश्न विचारले. किती दिवसांनी आंघोळ घालता? कशाने? पाणी किती गरम? वाळवता कशी? पहिल्या तिन्हींची उत्तरं माझ्याकडे होती. चौथ्यावर मी म्हणाले, टॉवेलने पुसते, मग ती आपोआप वाळते. त्यांनी तिच्या कमरेवरचे केस बोटांनी दोन बाजूंना सारून मला दाखवले. वरचे केस लांब, सरळ, थोडे जाड. त्यांच्या मुळाशी कापसासारखी दाट लव. वरचा थर तासाभरात कोरडा लागतो, पण खालच्या लवेत ओल कितीतरी वेळ मुरून राहते. आठ महिने मी या कुत्रीला आंघोळ घालत होते आणि ती लव मी एकदाही नीट पाहिलेली नव्हती.

मग तपासण्या झाल्या. बारीक दातांची फणी फिरवून निघालेले काळे कण त्यांनी ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवले. पिसवांची विष्ठा असेल तर ती पचलेल्या रक्ताची असते, आणि ओल लागली की भोवती तांबडा डाग पसरतो. तसं झालं नाही, म्हणजे ती निव्वळ धूळ होती. त्वचा हलकेच खरवडून खरजेचे किडे आहेत का पाहिलं, तेही नव्हते. शेवटी बगलेत आणि बोटांच्या बेचक्यांत पारदर्शक चिकटपट्टी दाबून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मलाही पाहायला सांगितलं. जांभळ्या रंगाचे, पावलाच्या ठशासारखे मध्ये चेपलेले ठिपके, झुंडीच्या झुंडी. मॅलॅसेझिया नावाचं हे यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी. ते निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोडंफार असतंच. त्वचेचं संरक्षण कमजोर झालं, ओल आणि तेल मिळालं की ते वाढतं, खाज आणतं आणि तो कुबट वास सोडतं. पंज्यांचा तांबूस रंगही मातीचा नव्हता. लाळेतल्या रंगद्रव्याचा तो डाग होता, सतत चाटल्यामुळे पडलेला.

म्हणजे इतके महिने मी जो वास धुवायला निघाले होते, त्याला माझं धुणंच हातभार लावत होतं.

त्यांनी सांगितलेलं सगळं मी त्या रात्री लिहून ठेवलं. कुत्र्याच्या त्वचेचा वरचा थर पेशींच्या जेमतेम तीन ते पाच पदरांचा असतो, आपला दहा-पंधरा पदरांचा. आपली त्वचा थोडी आम्लधर्मी, सामू (pH) साधारण ५.५, तर कुत्र्याची उदासीनतेच्या जवळ, ७ च्या आसपास. माणसाचा शाम्पू माणसाच्या डोक्यासाठी बनवलेला असतो. केसांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथी जे तेल सोडतात ते कुत्र्याच्या अंगाला पाणी आणि जंतूंपासून जपतं, केसांना चकाकीही तेच देतं. मी ते दर तीन-चार दिवसांनी खरडून काढत होते, आणि वर अंग अर्धओलं सोडून देत होते.

आता डॉक्टर आंघोळ बंद करायला सांगतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी सांगितलं, पुढचे चार आठवडे, आठवड्यातून दोनदा. मी गोंधळलेच. आंघोळीने बिघडलं, मग पुन्हा तेवढीच आंघोळ? ते म्हणाले, "हिला तुम्ही आंघोळ समजू नका, औषधाचा डोस समजा. रोग हटला की तो बंद करायचा." त्या शाम्पूत जंतू मारणारं क्लोरहेक्सिडीन आणि बुरशी मारणारं मायकोनॅझोल होतं. अट एकच, पण कडक होती. फेस अंगावर पूर्ण दहा मिनिटं राहिला पाहिजे. लावला आणि धुतला तर औषध वाया.

दहा मिनिटं ऐकायला कमी वाटतात. भिजलेली, थरथरणारी, पळायला बघणारी कुत्री हातात धरून ती काढणं फार अवघड असतं. पहिल्या दिवशी आम्ही चार मिनिटांत हरलो. ती घसरली, घाबरली, आणि फेसासकट घरभर पळाली. दुसऱ्या वेळी पायाखाली रबरी चटई टाकली आणि निम्मी भीती तिथेच गेली. तोवर मला कळलंच नव्हतं की तिला पाण्यापेक्षा गुळगुळीत फरशीची जास्त भीती वाटत होती.

हळूहळू एक रीत बसली. आधी कोरड्या अंगावर ब्रश. कानांमागे आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला गुंता असेल तर तो बोटांनी, मग फणीने, टोकाकडून मुळाकडे येत सोडवायचा. हे आंघोळीआधीच करावं लागतं, कारण गुंता भिजला की आवळतो, नमद्यासारखा घट्ट होतो, त्याच्या पोटात साबण आणि ओल अडकते. मी पूर्वी आंघोळीनंतर विंचरायचे. ती का कळवळायची ते आता समजलं. मग मनगटाला कोमट लागेल एवढंच पाणी, आणि तेही लव पार भिजेपर्यंत. यालाच चार-पाच मिनिटं जातात. वरून पाणी ओघळून जातं आणि आपल्याला वाटतं भिजली, पण आत त्वचा कोरडी असते. शाम्पू पाण्यात पातळ करून घेतला की सगळीकडे पोहोचतो.

शाम्पूची सुरुवात पंजे आणि बगलांपासून, कारण जिथे रोग जास्त तिथे औषध जास्त वेळ राहायला हवं. घड्याळ लावायचं ते सगळं अंग माखून झाल्यावर. डोक्याला फेस नाही, फक्त ओला फडका. कानांत पाणी जाऊ द्यायचं नाही. ती दहा मिनिटं मी तिच्या छातीला हात लावून बोलत बसायचे. कधी आई येऊन तिच्यासमोर बसायची आणि गाणं गुणगुणायची. चाटू न देणं महत्त्वाचं, औषध पोटात जायला नको. मग धुणं. पाणी नितळ येतंय असं वाटलं की पुन्हा एकदा तेवढंच धुवायचं, पोटाखाली आणि बोटांमध्ये विशेष. राहिलेला साबण स्वतःच खाज आणतो.

सगळ्यात जास्त वेळ मी वाळवायला शिकण्यात घालवला. टॉवेलने चोळलं की केस गुंततात, दाबून टिपायचं. दोन टॉवेल लागतात. ड्रायरला ती प्रचंड घाबरायची. म्हणून आठवडाभर तो फक्त पलीकडच्या खोलीत चालू ठेवला, मग दारात, मग तिच्याजवळ पण दुसरीकडे तोंड करून. दर वेळी काहीतरी आवडीचं खायला. नंतर तिने तो अंगावर घेऊ दिला, गार हवेवर आणि हातभर लांबून. गरम हवेने इतक्या पातळ कातडीला सहज चटका बसू शकतो. केस सारत सारत हवा मुळाशी जाऊ द्यायची आणि बोट लावून पाहायचं. बोटाला थंडावा लागला तर ओल आहे.

दोन आठवड्यांत वास निम्म्यावर आला. चार आठवड्यांनी चिकटपट्टीची तपासणी पुन्हा केली, ठशांच्या झुंडी गेल्या होत्या. मग आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांनी, आणि मग औषधी शाम्पू बंद. त्यानंतर एकदा ती पावसात चिंब भिजून आली आणि मी दमलेली असल्यामुळे तिला तशीच झोपू दिलं. पाचव्या दिवशी मानेखाली तोच वास. त्या वेळी मात्र मी शाम्पूकडे धावले नाही, डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते मी इथे मुद्दाम लिहितेय. यीस्ट वारंवार परतत असेल तर त्याच्यामागे दुसरं काही असू शकतं, ॲलर्जी किंवा थायरॉइडची कमतरता, आणि मग ते शोधावं लागतं. शेवंतीच्या बाबतीत त्या जागा पुन्हा काही वेळा औषधी शाम्पूने धुऊन नीट वाळवल्यावर भागलं, पण तसं सगळ्यांचं होईलच असं नाही. केस दोन्ही बाजूंना सारखे विरळ होत असतील, फोड येत असतील, कानातून वास येत असेल तर घरच्या घरी प्रयोग करत वेळ घालवू नका. मी आठ महिने घालवले, त्यातले निदान चार ती खाजेने हैराण होती.

आता मला कुणी विचारलं, कुत्र्याला किती दिवसांनी आंघोळ घालायची, तर मी आधी विचारते, केस कसे आहेत? बहुतेक निरोगी कुत्र्यांना एक ते तीन महिन्यांतून एकदा पुरते. माझ्या मैत्रिणीच्या आखूड केसांच्या कुत्र्याला ओल्या फडक्याने पुसणं आणि क्वचित आंघोळ एवढंच लागतं. पूडलसारखे कुरळे, सतत वाढणारे केस असतील तर कापणं आणि धुणं साधारण महिना-दीड महिन्यात येतं. बॅसेट हाउंडसारख्या तेलकट अंगाच्या कुत्र्यांना त्याहून लवकर. दाट लव असलेल्यांना मात्र कमी आंघोळ आणि जास्त विंचरणं. उकडतंय म्हणून अशा कुत्र्याचे केस मुळापासून भादरू नयेत. तो थर उन्हापासूनही जपतो, आणि काहींच्या अंगावर तो पुन्हा पहिल्यासारखा येतच नाही.

शेवंतीची आंघोळ साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, कुत्र्यांसाठीच्या सौम्य, बिनवासाच्या शाम्पूने. पिसवांचं मानेवर टाकायचं औषध असेल तर त्याच्या आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नाही, नाहीतर औषध नीट पसरत नाही. चिखल लागला तर मी तो वाळू देते आणि ब्रशने झटकते. पंजे धुतले तर बेचक्या कोरड्या करते. आणि रोज संध्याकाळी दहा मिनिटं ब्रश. गळायला आलेली लव निघते, तेल मुळापासून टोकापर्यंत पसरतं, आणि गाठ, गोचीड, लाल चट्टा काहीही असो, हाताला लगेच कळतं. जी चकाकी मी शाम्पूत शोधत होते ती या दहा मिनिटांत आली. डॉक्टरांच्या सल्ल्याने वजनाप्रमाणे ओमेगा-३ ही दिलं. त्याचा फरक दिसायला दोनेक महिने लागले, कारण केस आतून वाढत येतो.

परवा शेवटच्या आंघोळीला सात आठवडे झाले. ब्रश करताना तिच्या पाठीवरचे केस सारून पाहिलं. कातडी फिकट, स्वच्छ, कोंडा नाही. पंज्यांच्या बेचक्या पांढऱ्या. मानेत नाक खुपसून वास घेतला तर नुसता उबदार, कुत्र्याचा वास. टॉवेल काढून ठेवले होते, ते घडी घालून परत कपाटात ठेवले.