एपिड्युरल नको, हे फाइलवर लिहून घेताना

वेदनाशामक न घेता बाळंतपण करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. श्वासाचे व्यायाम, चालणं, मोठ्या चेंडूवर बसणं हे सगळीकडे शिकवतात. हॉस्पिटलच्या संमतीपत्राबद्दल मात्र मला कोणी चकार शब्द सांगितला नव्हता, आणि शेवटच्या महिन्यात माझा जीव खाल्ला तो त्याच कागदाने. बाळ आता रांगायला लागलंय, तरी तो फॉर्म आठवला की डोकं तापतं.

सुरुवात सरळ झाली होती. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडवर वाघबीळला राहतो, हॉस्पिटल पाचपाखाडीच्या बाजूला. पहिलंच बाळंतपण. बीपी, शुगर ठीक, हिमोग्लोबिन गोळ्यांनी वर आलेलं, बाळाचं डोकं खाली. आमच्या डॉक्टर मॅडमना मी सहाव्या महिन्यातच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "सगळं असंच नॉर्मल राहिलं तर का नाही चालणार? पण मध्येच नको झालं तर हट्टाला पेटू नकोस." मला ते पटलं. एपिड्युरल घेणारीला मी जराही कमी लेखत नाही. मणक्यापाशी बारीक नळी बसवून कळांची धार कमी करायची ती चांगली पद्धत आहे, आणि ज्या बाईला ती हवी तिला ती मिळालीच पाहिजे. मला स्वतःला पाय मोकळे हवे होते. उठायचं होतं, फिरायचं होतं, जोर कधी लावायचा ते अंगाला कळू द्यायचं होतं.

व्यायाम, क्लास, उपवनच्या तलावाला फेऱ्या, हे सगळं नीट पार पडलं, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

आता फॉर्म. ऐनवेळी धावपळ नको म्हणून ॲडमिशनचे कागद आधी भरून ठेवा, असं सांगण्यात आलं, म्हणून 36व्या आठवड्यात मी काउंटरवर गेले. हातात पडला तो झेरॉक्सची झेरॉक्स काढत काढत पुसट झालेला कागद. ओळी तिरक्या, उजवीकडची अक्षरं कापलेली, सगळं इंग्रजीत. पाचव्या कलमात एका दमात लिहिलेलं: कळा वाढवायची औषधं, वेदनाशामक, भूल, खालचा छेद, चिमटा, सिझर, यातलं जे डॉक्टरांना योग्य वाटेल त्याला माझी संमती आहे. त्याखाली दोन चौकोन, 'भूल: हो' आणि 'भूल: नाही'. आणि सहीची रेघ.

मी पेन हातात घेऊन तशीच उभी राहिले. 'नाही'वर खूण करावी, तर टाके घालताना तेवढीच जागा बधिर करायचं इंजेक्शन मला हवं होतं. अचानक सिझर करावं लागलं तर भूल लागणारच, तिलाही माझी ना नव्हती. 'हो'वर खूण करावी, तर एपिड्युरलही त्यातच आलं. रात्री अडीचला ड्युटीवरच्या डॉक्टरांनी, ज्यांनी मला कधी पाहिलेलं नाही, फाइल उघडली तर त्यांना एवढंच दिसणार की बाईने भुलीला हो म्हटलंय. बाळंतपणात 'भूल' या एका शब्दाखाली किमान चार वेगळ्या गोष्टी येतात: कळा सोसण्यासाठी एपिड्युरल, सिझरसाठी पाठीत दिलेली भूल, अगदी गरज पडली तर पूर्ण भूल आणि टाक्यांपुरती जागेवरची भूल. यातल्या एकीला नको आणि बाकीच्यांना गरजेप्रमाणे हो, एवढंच मला सांगायचं होतं. त्यासाठी त्या कागदावर जागा नव्हती.

"एपिड्युरलपुरतं खोडलं तर चालेल का?"

"फॉर्म सगळ्यांना हाच आहे मॅडम. खाडाखोड झाली तर कॉम्प्युटरला चढत नाही. डॉक्टरांना विचारा."

मॅडम म्हणाल्या, "मी सांगेन गं त्यांना, तू काळजी करू नकोस." पण कळा रात्री सुरू झाल्या तर पहिले काही तास आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे डॉक्टर, आणि सिस्टरच असतात, मॅडम शेवटाला येतात. हे मॅडमनाही मान्य होतं. म्हणून वर लेबर रूमच्या सिस्टर इनचार्जना भेटले. त्या चांगल्या होत्या, त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि स्पष्ट सांगितलं, "आम्ही फाइलमध्ये असेल ते करतो. तुमचं म्हणणं फाइलमध्ये आलं पाहिजे." खाली आले, तर काउंटर म्हणे बाहेरचा कागद फाइलला लावता येत नाही, ऑफिसला विचारा. ऑफिसमध्ये साहेब मीटिंगला. पुन्हा गेले तर जेवणाची सुट्टी. पुढच्या खेपेला साहेब भेटले आणि म्हणाले की भुलीचा विषय आहे, तेव्हा भूलतज्ज्ञांची सही आणा. भूलतज्ज्ञ तिथे रोज बसत नाहीत, केस असेल तेव्हा बोलावतात. म्हणजे जी भूल मला घ्यायचीच नाही, ती घेणार नाही हे लिहिण्यासाठी, जे डॉक्टर तिथे नसतात त्यांची सही. नववा महिना, पाय सुजलेले, चप्पल बसत नाही, आणि त्या पॅसेजमधल्या लोखंडी बाकावर मी बसलेय. शेजारच्या बायका सोनोग्राफीसाठी पाणी पिऊन वाट बघताहेत. त्या दिवशी घरी येताना रिक्षात मी रडले, रागाने.

मार्ग निघाला तो त्याच पॅसेजच्या भिंतीवर. रुग्ण हक्कांची सनद तिथे फ्रेम करून लावली होती. महाराष्ट्रात 2021च्या नर्सिंग होम नियमांप्रमाणे ती दर्शनी भागात लावावीच लागते, आणि माहिती देऊन संमती घेणं हा त्यातला हक्क आहे. शिवाय सुप्रीम कोर्टाने 2008च्या एका निकालात सांगितलंय की एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्याला लागू होत नाही, जीव वाचवायची तातडी असेल तो प्रसंग वेगळा. मी सनदेचा फोटो काढला आणि घरी येऊन एका पानावर माझं म्हणणं लिहिलं, वर मराठीत, खाली इंग्रजीत. भांडणाचा सूर कुठेही ठेवला नाही. ते साधारण असं होतं:

"प्रसूती नॉर्मल चालू असेपर्यंत मला एपिड्युरल किंवा कळांसाठी वेदनाशामक इंजेक्शन नको. मी स्वतः मागितलं तर द्यावं, तोपर्यंत कृपया विचारू नये. टाके घालताना जागेवरची भूल हवी. सिझर करावं लागल्यास त्यासाठीच्या भुलीला संमती आहे. कळा वाढवायचं सलाईन लावण्याआधी कारण सांगावं. बाळ ठीक असेल तर नाळ किमान एक मिनिट थांबून कापावी आणि बाळ माझ्या अंगावर द्यावं. वार पडताना रक्तस्राव होऊ नये म्हणून द्यायचं इंजेक्शन द्यावं."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. बाळ झाल्याबरोबर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात ते दुखण्यासाठी नसतं, रक्तस्राव रोखण्यासाठी असतं. ते नाकारायचं काही कारण नाही. 'सगळं नैसर्गिक हवं' म्हणून कोणी त्यालाही नको म्हणत असेल, तर तसं करू नका.

तो कागद घेऊन मी ऑफिसात गेले नाही, मॅडमच्या ओपीडीत गेले. त्यांनी वाचला, एक शब्द बदलला, आणि केसपेपरवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पेशंटची इच्छा जोडपत्राप्रमाणे, चर्चा झाली आहे', खाली सही आणि तारीख. मग त्या एका ओळीपुढे सगळे नियम गळून पडले. जोडपत्र फाइलला लागलं, ऑफिसने दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच दिली. भूलतज्ज्ञांच्या सहीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. तेव्हा माझं ऐका, काउंटरपासून सुरुवात करू नका. आधी तुमच्या डॉक्टरांच्या हातून केसपेपरवर लिहून घ्या, पोच घ्या, आणि एक प्रत बॅगेत सगळ्यात वर ठेवा.

सोबतीचंही तेव्हाच विचारून घ्या. लेबर रूममध्ये सोबतीला कोणीतरी असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आपल्या सरकारनेही 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांत त्याला परवानगी दिली. आमच्याकडे उत्तर आलं की एकच व्यक्ती, तीही बाईच, कारण पडद्यापलीकडे दुसरी पेशंट असू शकते. मी आईला न घेता नणंदेला घेतलं. आईला माझं दुखणं बघवलं नसतं, ती पहिल्या तासातच "द्या हो तिला काहीतरी" म्हणाली असती. ताईंची स्वतःची दोन बाळंतपणं झालेली, हात दणकट आणि बोलणं कमी. सोबत निवडताना प्रेम किती आहे यापेक्षा कोणाचा हात थरथरत नाही ते बघा.

घरून कधी निघायचं हा घोडबंदर रोडवाल्यांचा वेगळा प्रश्न आहे. लवकर जाऊन पडून राहिलं की कंटाळा येतो, कळा मंदावतात, मग सलाईन, मग कळा एकदम जोरात, आणि तिथेच बऱ्याच बायकांचा निश्चय मोडतो. म्हणून पहिल्या खेपेला कळा पाच मिनिटांवर, मिनिटभर टिकणाऱ्या, आणि तासभर तशाच चालू राहिल्या की निघायचं असं मॅडमनी सांगितलं होतं. पण पाणी गेलं, विशेषतः हिरवट असेल, रक्त जायला लागलं, बाळाची हालचाल कमी वाटली, किंवा डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळा मोजत बसायचं नाही, सरळ निघायचं. माझ्या कळा संध्याकाळी सुरू झाल्या. गरम पाण्याने अंघोळ केली, मऊ खिचडी खाल्ली, घरातच फिरले. रात्री अवजड ट्रक सुटले की मेट्रोच्या कामाने अरुंद झालेल्या रस्त्याचा भरवसा नाही, म्हणून आम्ही थोडं आधीच निघालो, आणि तरी कापूरबावडीला अडकलोच. मागच्या सीटवर मी गुडघ्यांवर, ताईंचा तळहात कमरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर घट्ट दाबलेला. तो दाब कुठल्याही औषधाइतका कामाला आला. क्लासमध्ये तो शिकवतात तेव्हा नीट शिकून घ्या.

वर पोचल्यावर ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी तपासलं. गर्भपिशवीचं तोंड चार सेंटीमीटर उघडलेलं. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "भूलतज्ज्ञांना फोन करू का?" मी उत्तर द्यायच्या आत सिस्टरनी फाइल उघडून जोडपत्र त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, "ठीक आहे" म्हणाले, आणि सकाळपर्यंत मला तो प्रश्न परत कोणी विचारला नाही. त्या क्षणी लोखंडी बाकावरचे सगळे तास वसूल झाले.

एक माहीत असू द्या. तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे हा हिशेब 1950च्या दशकातला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सांगितलं की बाई आणि बाळ दोघं ठीक असतील तर निव्वळ तेवढ्यावरून कळा वाढवायची घाई करू नये, आणि खऱ्या कळांचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरावा. पहाटे माझी गाडी बराच वेळ सहावर अडकली होती. डॉक्टर सलाईनचं बोलले, कागदात होतं तसं कारणही सांगितलं. बाळाचे ठोके चांगले होते, म्हणून मी थोडा वेळ मागितला आणि त्यांनी दिला. मी उभी राहून पलंगाला धरून झुलत राहिले. आठ-नऊ सेंटीमीटरच्या आसपास अंग थरथरायला लागलं, उलटी झाली, मी ताईंना म्हणाले, "आता नाही जमत." त्या म्हणाल्या, "मागायचं असेल तर माग, मी सिस्टरना सांगते. नाहीतर ही एक कळ जाऊ दे." मी एक जाऊ दिली. मग पुढची. सगळ्यात वाईट वाटणारा हा टप्पा बहुतेक वेळा शेवटाजवळचाच असतो, हे आधी माहीत असल्याचा मला फार उपयोग झाला.

मुलगी झाली. नाळ थांबून कापली, मांडीत इंजेक्शन दिलं, टाक्यांना जागेवरची भूल दिली. सगळं कागदाबरहुकूम. मला माझा खूप अभिमान वाटला, आणि तो मी लपवणार नाही.

राहिलेलं एक. डिस्चार्जच्या वेळी फक्त समरी घेऊन घरी येऊ नका, आतल्या केसपेपरांची प्रत लेखी मागा. डॉक्टरांसाठीच्या 2002च्या नियमांत मागितल्यापासून 72 तासांत कागद द्यावेत असं आहे. पुढच्या बाळंतपणात ते लागतात. त्याच अर्जासोबत मी पाचवं कलम तोडून भुलीचे चार चौकोन वेगळे करा, फॉर्म मराठीतही छापा, अशी विनंती दिली आणि तिचीही पोच घेतली. आमच्या सोसायटीतल्या एकीला गेल्या महिन्यात तिथे तोच तिरका कागद मिळाला, म्हणून मी दुसरा अर्ज टाकलाय. ती तिचं जोडपत्र घेऊन आधी मॅडमकडे गेली, आणि तिचं काम त्याच ओपीडीत झालं.